चौसष्ट किलो

मास्तरांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, धान्यवाल्या शेठच्या खांद्याचा आधार घेतला आणि पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर ते स्वतःच चढून उभे राहिले. हात सरळ, मान ताठ, नजर समोर. फोटो काढून घेताना माणूस धरतो तसा त्यांनी श्वास धरला. फक्त हल्ली तो फार वेळ धरता येत नव्हता.

"किती?"

"सहासष्ट," शेठ म्हणाले.

"नीट बघा. पुढं किती?"

"पुढं काही नाही. सहासष्ट म्हणजे सहासष्ट."

मास्तर खाली उतरून पोत्यावर टेकले. बराच वेळ दम खाल्ला आणि मग निकाल दिल्यासारखं म्हणाले, "दोन किलो जास्त दाखवतोय काटा. बरं झालं बोलावलंत. किती दिवस गिऱ्हाइकाला कमी माल देत होतात कुणास ठाऊक."

शेठ मान खाली घालून हसले. काट्यात काहीही बिघाड नव्हता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बिघाडाची थाप त्यांचीच होती.

या बाजारगल्लीतले सगळे वजनकाटे तीस वर्षं मास्तर दुरुस्त करत आले होते. मास्तर ही पदवी त्यांना गल्लीनेच दिलेली. कारण काटा दुरुस्त करता करता ते दुकानदाराची शाळाही घेत. आणि गल्लीही काही सोपी नव्हती. बटाटेवाल्याने एकदा पन्नास ग्रॅमच्या फरकासाठी त्यांना एका दिवसात तीन हेलपाटे घालायला लावले होते. चौथ्यांदा मास्तर स्वतःहून आले, कारण त्यांनाही झोप लागणार नव्हती.

गेल्या महिन्यात काम करता करता त्यांना दम लागला तो थांबेचना. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की हृदय फार कमजोर झालंय, पंपाचं काम जेमतेम चौथाई उरलंय. अकरा दिवसांनी घरी सोडलं ते नियमांची यादी हातात देऊन. मीठ नावाला. पाणी आणि चहा मिळून दिवसाला दीड लिटर. जड उचलायचं नाही. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, कारण हृदय थकलं की अंगात पाणी साठतं आणि ते आधी काट्यावर दिसतं. घरी सोडलं तेव्हा वजन होतं चौसष्ट. दोन किलो वाढलं की ताबडतोब घेऊन या, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

घरात माणसं दोनच, मास्तर आणि मुलगी. मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती आणि रजा संपत आली होती. ती मदत मागायला येणाऱ्यातली नव्हती. म्हणून शेठच पुढं झाले. शेठना माणसं ओळखता येत. माल तोलताना गिऱ्हाईक काट्याकडे बघतं की तोलणाऱ्याच्या हाताकडे, एवढ्यावरून ते त्याची कुंडली मांडत. मास्तरांची मुलगी दोन्हीकडे बघायची नाही, पिशवी पुढं करून दुसरीकडे बघायची. अशा माणसाला मदत विचारून देता येत नाही, हे शेठनी केव्हाच हेरलं होतं.

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सात चौकोन आखले आणि दुपारच्या जेवणाच्या पाळ्या लावून टाकल्या. औषधवाल्याने गोळ्यांच्या सकाळ-दुपार-रात्र अशा पुड्या बांधून दिल्या. चहावाल्याने एका पेल्यावर रंगाची रेघ ओढली. त्या रेघेच्या वर मास्तरांना चहाचा थेंबही मिळणार नव्हता. इतर वेळी एकमेकांच्या दुकानापुढच्या फळीवरून वाद घालणारी ही माणसं आता उपकारातही चढाओढ करू लागली. मास्तरांनी भाजीवाल्या मावशीच्या डब्याचं कौतुक केलं म्हणून बटाटेवाला दोन दिवस रुसून होता.

"खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात," मास्तर सांगत. "तुम्ही सगळे बिनमिठाचं आणता. म्हणजे मला कुणासाठी जागायला नको."

पण डबा ठेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला ते खिडकीशी बसलेले दिसत, मांडीवर रिकामे हात. मावशी म्हणाली, "औषधानं जगतील, पण बसवून ठेवलंत तर मरतील." तेव्हा शेठच्या डोक्यातून ही युक्ती निघाली. आळीपाळीने एकेका दुकानाचा काटा बिघडायचा. मास्तर सावकाश चालत येतील, स्क्रू पिळतील, चार शब्द सुनावतील आणि घरी जातील.

एकच अडचण होती. काटा तपासायला मास्तर वीस-वीस किलोची लोखंडी वजनं वापरत. ती मुलीने कपाटात घालून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती. मास्तरांनी त्यावर लगेच तोड काढली.

"मी आहे ना," ते म्हणाले. "रोज सकाळी तोललेला, वहीत लिहिलेला. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. माझ्याएवढं पक्कं वजन सध्या बाजारात नाही."

आताही त्यांनी कोटाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, काट्याची बाजू उघडली आणि दोन वेळा चढून, दोन वेळा उतरून, काटा बरोबर चौसष्टावर आणून ठेवला. कपाळाला घाम आला होता, पण चेहऱ्यावर रंग होता. चपला घालताना त्यांना वेळ लागला. पावलावर पट्ट्याचा खोल वळ उठला होता. नव्या चपला चावत असतील, शेठच्या मनात आलं.

दुपारी गिरणीतून माल आला. पन्नासाचं शिवलेलं पोतं काट्यावर ठेवलं तर काटा साडेअठ्ठेचाळीस दाखवू लागला. शेठनी दुसरं पोतं ठेवलं. साडेअठ्ठेचाळीस. तिसरं ठेवलं नाही. गल्ल्यापाशी येऊन बसले आणि डोळे पुसले.

मास्तरांचा हात गेला, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्या दिवसापासून शेठ मोठ्या काट्यावर तोलताना मनातल्या मनात दीड किलो धरून चालू लागले. एखादवेळी विसरत आणि गिऱ्हाईक जास्त माल घेऊन जाई. जाऊ दे म्हणत. मास्तर रस्त्याने जाताना आत डोकावून विचारत, "काय, कसा आहे काटा?" आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणाला पाच दाणे सोडले नाहीत तो माणूस म्हणे, "एकदम झकास."

मंगळवारी दुपारी भंगारवाला दुकानात आला. भाजीवाली मावशी आधीच पोत्यावर बसून पाय दाबत होती. भंगारवाला जरा वेळ घुटमळला.

"शेठ, मास्तरांच्या डब्याची माझी एकच पाळी आहे. दोन करा."

शेठनी चष्म्यावरून बघितलं. "तू? दोन?"

"का? आम्हाला माणुसकी नाही?"

"आहे. पण तू ती तोलून देतोस. काय झालंय ते सांग."

भंगारवाल्याने मावशीकडे बघितलं, मग छताकडे. "काल मास्तरांनी माझा काटा नीट केला. आता तो पन्नासाला सव्वादोन कमी दाखवतोय. लोक भंगार घेऊन येतात, मी तोलतो… आता मास्तरांना कसं सांगायचं? जीव तुटेल त्यांचा."

"आणि फायदा तुझा होतोय, म्हणून सांगत नाहीस."

"तसं नाही हो." त्याने डोकं खाजवलं. "तसंही आहे थोडं. म्हणून तर म्हणतोय, दोन पाळ्या करा."

मावशी हसली नाही. "बटाटेवाल्याचाही पाऊण किलो कमी दाखवतो," ती म्हणाली. "बोलत नाही बिचारा. मास्तरांचा हात गेला, म्हणतो, आता आपणच सांभाळून घ्यायचं."

"पाऊण?" शेठनी विचारलं. "पन्नासाला पाऊण?"

"हो."

"मास्तर त्याच्याकडे कधी आले होते?"

"मागच्या मंगळवारी. त्या दिवशी डबा माझा होता, म्हणून लक्षात आहे."

शेठनी पेन्सिल घेतली. रद्दीच्या कागदावर लिहिलं: मंगळवार, पाऊण. शुक्रवार, दीड. सोमवार, सव्वादोन. आकड्यांकडे ते बघत राहिले. आकडे खोटं बोलत नाहीत, बोलतात ती माणसं, असं ते नेहमी म्हणत. हात गेलेल्या माणसाची चूक कधी इकडे झाली असती, कधी तिकडे. ही चूक एकाच बाजूला चालली होती, आणि दर तीन दिवसांनी तेवढीच पुढं सरकत होती, व्याजासारखी. हात बिलकूल गेला नव्हता. हात अचूक होता. तिन्ही काटे आधीही बरोबर होते.

बदलत होतं ते वजन.

"मावशी," शेठ म्हणाले, "मास्तरांच्या पायाकडे बघितलंस कधी?"

"काल भाजी घ्यायला अनवाणी आले होते. म्हटलं, चप्पल कुठाय? तर म्हणाले, आता होत नाही." मावशीने बोलता बोलता तोंडावर हात ठेवला.

शेठ उठले. दुकान तसंच उघडं टाकून ते निघाले. गेल्या वीस वर्षांत असं घडलं नव्हतं. मावशी त्यांच्या मागून औषधवाल्याकडे गाडी सांगायला धावली.

मास्तरांच्या दारापाशी मात्र शेठचे पाय थांबले. आत काय सांगायचं होतं? की मास्तर, तुमचं वजन खोटं निघालं? ज्या माणसाकडे आता बोटांचा अंदाज सोडून मिरवायला काही उरलं नव्हतं, त्याचा तेवढा ऐवजही काढून घ्यायचा? आणि नाही सांगितलं, तर? शेठनी बेल दाबली.

मुलगी नुकतीच शाळेतून आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. पाठीला दोन उशा, पाय स्टुलावर.

"काका, तुम्ही? या वेळी दुकान सोडून?"

"मास्तर झोपले होते का?"

"आडवं झालं की खोकला येतो. म्हणून बसूनच झोपतात दोन-तीन दिवस." ती हळू आवाजात म्हणाली. "पण वजन ठीक आहे. बघा ना."

तिने वही पुढं केली. प्रयोगशाळेतली शिस्त होती. तारीख, वेळ, वजन, सुबक तीन रकाने. चौसष्ट. चौसष्ट. चौसष्ट दोनशे. चौसष्ट. मधे तीन ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काटा दुरुस्त केला'.

"हे काय?"

"काटा स्वस्तातला आहे, टिकत नाही, बाबा म्हणतात. मधे मधे अर्धा किलो, एक किलो जास्त दाखवतो. ते लगेच नीट करतात." मग जरा घाईने, "दोन किलो एकदाही झालं नाही, काका. एकदाही नाही."

शेठ वहीतलं पहिलं 'काटा दुरुस्त केला' बघत होते. रविवार. आणि ती कामावर रुजू झाली होती सोमवारी. त्यांनी वही मिटली.

"पोरी, ती कपाटाची किल्ली दे जरा."

लोखंडी वजनं शेठनी आयुष्यात कधी उचलली नव्हती, त्यासाठी त्यांच्याकडे माणसं होती. आज त्यांनी एकेक करून तिन्ही आणली. प्रत्येक खेपेला तोंड लाल होत होतं. खुर्चीत मास्तरांनी डोळे उघडले होते. पलंगाखालचा वजनाचा काटा शेठनी पायाने पुढं ओढला आणि मास्तरांच्या समोर, त्यांना दिसेल असा, ठेवला. वीस. चाळीस. साठ.

तबकडीचा काटा थरथरला आणि स्थिर झाला. मुलगी वाकली. तिला वाचायला वेळ लागला.

"सत्तावन्न तीनशे," ती म्हणाली.

मास्तर पुढं झुकले, सगळ्यात वरच्या वजनावरच्या शिक्क्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. शिक्का याच वर्षीचा होता. वजनं तपासून आणायला ते स्वतः गेले होते.

"साठाला सत्तावन्न तीनशे," ते पुटपुटले. ओठ थोडा वेळ हलत राहिले, हिशोब करणाऱ्याचे हलतात तसे. "म्हणजे मी सदुसष्ट."

"बाबा…"

"सदुसष्ट लिही. तारीख आजची घाल."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. औषधवाला आणि मावशी आत आले. मास्तरांना आधार देऊन खाली नेलं. मागच्या सीटवर मुलीने त्यांचा हात धरला होता. शेठ पुढं बसले. गाडी गल्लीतून चालली तसं एकेका दुकानावरून मास्तरांची नजर फिरत गेली.

"शेठ."

"बोला."

"तुमच्या दुकानातला काटा पन्नासाला दीड कमी दाखवत असणार."

"हो."

"बटाटेवाल्याचाही?"

"पाऊण."

"भंगारवाल्याचा सव्वादोन. तो काही बोलणार नाही, त्याचा फायदा आहे." मास्तरांनी श्वास घेतला. पुढचं वाक्य यायला वेळ लागला. "आठ दिवस झाले. एकानेही तक्रार केली नाही?"

शेठ पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले.

"पन्नास ग्रॅमला तीन हेलपाटे घालायला लावणारी माणसं तुम्ही."

"मास्तर, आम्हाला वाटलं…"

"काय वाटलं ते कळलं." ते मागे टेकले. आवाजात राग नव्हता, तेच शेठना जास्त लागलं. "तुम्ही एक हाक मारली असतीत ना, काय हो मास्तर, काटा असा काय बिघडवून ठेवलात, तर मी वजनं काढायला लावली असती. त्याच दिवशी."

औषधवाल्याने गाडी जरा जोरात पळवली. मुलीने बापाचा हात सोडला नाही, पण ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, रविवारी पहिल्यांदा काटा दुरुस्त केलात ना, तेव्हा खरंच काटा जास्त दाखवत होता?"

खिडकीची काच उघडी होती. मास्तरांनी ती बोटाने थोडी वर केली, तिच्या केसांना वारा लागत होता म्हणून.

इस्पितळात दहा दिवस गेले. अंगातलं पाणी काढलं, गोळ्या बदलल्या, आणखी तीन दिवस उशीर झाला असता तर, एवढं बोलून डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं. गल्लीने पाळ्या लावल्या. रात्री कोण, सकाळी कोण. शाळेने मुलीची सकाळची वेळ बदलून दिली. तीही विनंती शेठनीच मुख्याध्यापकांना करून ठेवली होती, तिला न विचारता. तिला कळल्यावर तिने शेठकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मास्तर शेठच्या दुकानात आले. आता नियम बदलला होता. मास्तर खुर्चीवर बसणार, वजनं दुकानदार उचलणार. शेठनी घाम गाळत साठ किलो चढवले, मास्तरांनी स्क्रू पिळला, शेठनी उतरवले, पुन्हा चढवले. दारात मुलगी आणि मावशी उभ्या होत्या.

"झालं," मास्तर म्हणाले.

शेठनी चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. "पन्नास ग्रॅम कमी."

"एवढंसं चालतं, शेठ."

"तुम्हाला चालत असेल. मला नाही चालत." शेठनी आवाज चढवला, समोर बटाटेवाला ऐकून बाहेर आला. "तीस वर्षं मला शहाणपण शिकवलंत, आणि आता पन्नास ग्रॅम सोडता? मग मी दुसरा माणूस बघतो."

मुलीचा चेहरा उतरला. ती पुढं होणार तेवढ्यात मावशीने तिच्या दंडाला हात लावला.

मास्तरांचे कान लाल झाले. "बघा की. गल्लीबाहेरचा कोण येतो तुमच्या कटकटीला, ते मीही बघतो. घाला वीस परत."

"परत?"

"मग काय, बोलून सरळ होणार आहे काटा?"

शेठ कण्हत वाकले. बटाटेवाला तिथूनच ओरडला, "मास्तर, माझाही तीस ग्रॅमनं सरकलाय." "माझा आधी," भंगारवाला म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. आणखी दोन वेळा चढवून उतरवून काटा साठावर आला, केसभरही इकडे-तिकडे नाही. शेठ पोत्यावर बसून धापा टाकू लागले. आता दोघांनाही सारखाच दम लागला होता.

मास्तर उठले. चपला काढल्या. पावलांवर वळ नव्हता. शेठचा खांदा धरून ते काट्यावर चढले.

"किती?"

शेठनी घाई केली नाही. "चौसष्ट तीनशे."

वहीत काल चौसष्ट होते. मास्तरांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला, जिथं स्क्रूड्रायव्हर होता. गल्ली बघत होती. हात तिथंच थोडा वेळ राहिला आणि रिकामाच बाहेर आला.

"तीनशे वाढलेत," ते मुलीला म्हणाले. "लिहून ठेव." मग खाली उतरता उतरता चहावाल्याच्या दिशेने, "आणि आज रेघेच्या खाली दोन बोटं."